करवंटीचा कोळसा आणि सुटं सुटं लोखंड

आमच्या संस्थेच्या फाटकाशी एका सकाळी टेम्पो येऊन थांबला आणि रखवालदाराने फोन करून मला खाली बोलावलं. टेम्पोत एक गोणी होती आणि गोणीत नारळाच्या करवंट्या. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवलेल्या. लोणी काळभोरला आमची फुलशेती आहे. फुलं मार्केट यार्डात उतरवल्यावर तिथल्याच एका खोबरेवाल्याकडून ही गोणी भरून घेऊन टेम्पो वाट वाकडी करून माझ्याकडे आला होता. रखवालदाराने गोणीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हा कचरा आत न्यायचाय की बाहेर?"

पुण्यात असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. गोणीचं एक टोक मी धरलं, दुसरं ड्रायव्हरने, आणि आम्ही ती लिफ्टमधून वर प्रयोगशाळेत नेली.

संध्याकाळी आण्णांचा फोन आला. "लोक पोरीला डबा पाठवत्यात, तूप पाठवत्यात. म्या करवंट्या पाठवतोय. मिळाल्या का?"

"मिळाल्या. आता थोडा युरिया लागेल."

"युरिया? पेरणी हाय का काय तिथं?"

"कोळशाला घालायचाय, आण्णा."

फोन बाजूला धरून ते आईला सांगताना मला ऐकू आले, "पोरगी कोळशाला खत घालतीया."

तसं पाहिलं तर त्यांनी चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. मी कशावर पीएचडी करत होते हे समजावून सांगायला चार-पाच वाक्यं लागतात आणि दुसऱ्या वाक्याला समोरचा माणूस मोबाईल काढतो. तरी सांगते. फ्युएल सेल नावाची एक वस्तू असते. तिच्या एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. मधे जाळ नाही, धूर नाही. वीज तयार होते आणि मागे उरतं ते पाणी. त्या विजेवर गाडी चालू शकते. अडचण सगळी ऑक्सिजनच्या बाजूला आहे. हा ऑक्सिजन महाआळशी. त्याला कामाला लावायला प्लॅटिनम लागतं, आणि प्लॅटिनम ही सराफाच्या दुकानात विकत मिळणारी चीज आहे. ते घालून गाड्या बनवायच्या तर त्या कोणाच्या दारात उभ्या राहणार हे सांगायला नको.

हेच काम लोखंडही करतं, पण एका अटीवर. लोखंडाचा प्रत्येक अणू सुटा बसला पाहिजे. कोळशाच्या अंगावर, चार नायट्रोजनच्या मधोमध, पंगतीत प्रत्येकाला आपापला पाट मिळावा तसा. दोन अणू एकमेकांना चिकटले की तिसरा येतो, चौथा येतो, त्यांची गुठळी होते, आणि मग ते लोखंड असून नसून सारखंच. कोळशात नायट्रोजन यावा म्हणून युरिया. बसायला जागा भरपूर मिळावी म्हणून करवंटीचा कोळसा, कारण त्याला डोळ्याला न दिसणारी अगणित छिद्रं असतात. आणि शेवटी सगळं जागच्या जागी पक्कं व्हावं म्हणून भट्टी, लांब नळीची, विजेवर लालबुंद होणारी. आता खोच अशी की जी भट्टी अणूंना पक्कं बसवते तीच त्यांना पाटावरून उठवतेही. लोखंड तापलं की त्याला नातेवाईक आठवतात.

मला अशा कामासाठी कोणी निवडलं हे एक कोडंच आहे. मला धीर नाही. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद करते, असं आई सगळ्या नात्यागोत्यात सांगत फिरते. माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्या अगदी उलट. शनिवार पेठेत जन्म, तिथेच शाळा, तिथेच राहणं, आणि बोलणं असं की एक शब्द जास्त गेला तर पदरचा गेल्यासारखा. त्यांच्या तोंडचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "बरं आहे." ते मिळालं की विद्यार्थी पेढे आणायचे. संस्थेत सगळे त्यांना वचकून असत. मीही असे, फक्त तोंडावर दाखवत नसे.

मॅडम देव मानत नाहीत. पण दर वर्षी खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते आणि ती त्या स्वतः करवून घेतात. भट्टीला हळदकुंकू, वजनकाट्याला हळदकुंकू, पंपाला, मोजणीच्या यंत्राला, संगणकाच्या डोक्यावर दोन अक्षता, आणि भट्टीच्या नळीला आमच्या शेतातल्या झेंडूची माळ. त्यानंतर दसरा होईपर्यंत कोणी कशालाही हात लावायचा नाही. मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही तर हे काही मानत नाही ना?" त्या म्हणाल्या, "देव नाही मानत. सुट्टी मानते."

ज्या बॅचमुळे पुढचं सगळं झालं ती अशाच एका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी लावली होती. कृती साधी आहे. लोखंडाच्या क्षारात एक पदार्थ घालायचा, तो लोखंडाच्या प्रत्येक अणूला वेगवेगळं कवेत घेतो आणि पाणी कुंकू कालवल्यासारखं लाल होतं. त्यात करवंटीच्या कोळशाची पूड टाकायची, रात्रभर ढवळत ठेवायचं, सकाळी पाणी आटवायचं आणि उरलेली काळी भुकटी भट्टीत घालायची. जगभर हे असंच करतात, रात्रभर. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पेढे वाटले, मी हातातलं काम तसंच टाकून लोणीला गेले, सोनं लुटलं, पुरणपोळी खाल्ली, आणि परत आल्यावर पाणी आटवून भुकटी भट्टीत घातली.

त्या भुकटीची मोजणी केली तो दिवस मला अजून आठवतो. पडद्यावर एक रेषा उमटत जाते. ती जितकी उजवीकडे सरकेल तितका आपला पदार्थ चांगला. प्लॅटिनमची रेषा आम्ही कागदावर छापून भिंतीला चिकटवलेली होती, रोज मान खाली घालायला. माझी रेषा सरकत सरकत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. माझ्या बाजूच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण विदर्भातली. ती ओरडली, "अवो माय! हे तं प्लॅटिनमच्या मांडीले मांडी लावून बसलं की वो!" मी तिला मिठी मारली, तिच्या हातमोज्यांसकट.

मॅडमनी रेषा बराच वेळ पाहिली. "बरं आहे," म्हणाल्या. मी पेढ्यांच्या विचारात असतानाच पुढे म्हणाल्या, "पुन्हा कर."

पुन्हा केलं. नाही झालं. त्याच करवंट्या, तोच युरिया, तेच क्षार, तीच भट्टी. रेषा डावीकडे कुठेतरी ओशाळून उभी. मग मी एकेक गोष्ट बदलत गेले. गॅसचं सिलिंडर बदललं. भट्टीची नळी बदलली. क्षाराची बाटली नवी फोडली. आण्णांकडून नव्या करवंट्या मागवल्या, मग जुन्याच खोबरेवाल्याच्या मागवल्या, मग एकाच झाडाच्या मिळतील का विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, "बाय, नारळाला काय आधारकार्ड असतंय का?" नाकी नऊ आले. होळी गेली, पाडवा गेला, पावसाळा सरत आला, आणि भुकटीत सुटे अणू काही बसेनात. प्रत्येक वेळी नुसत्या गुठळ्या.

एके दिवशी मैत्रिणीने तो प्रश्न विचारला. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, ती सरळच बोलते. "त्या वेळी समोर तार कोणती लावली होती वो?"

तार प्लॅटिनमची होती. मोजणीच्या भांड्यात आपला पदार्थ एका बाजूला असतो आणि समोर दुसरं टोक लागतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं तिथे प्लॅटिनमची तार लावत. आता अडचण अशी की ही तार मोजणी चालू असताना किंचित झिजते, आणि झिजलेलं प्लॅटिनम पाण्यातून येऊन आपल्या पदार्थावर बसू शकतं. मग रेषा सुंदर येते, पण ते काम लोखंडाचं नसतं. म्हणजे प्लॅटिनम नको म्हणून वर्षं घालवायची आणि शेवटी चोरपावलांनी आलेल्या प्लॅटिनमचाच सत्कार करायचा! तपासून बघावं तर ती पहिली भुकटी चिमूटभर होती, मोजण्यांतच संपून गेली होती. त्या दिवसापासून मी तार कपाटात ठेवली आणि ग्राफाइटची कांडी लावायला लागले. पण झालेल्या गोष्टीचं काय करणार?

प्रयोगशाळेत बातमी पसरायला वेळ लागत नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही. चहाला गेलं की विषय बदलायचा, एवढंच.

पावसाळ्याच्या शेवटी मॅडमचं एका परिषदेत भाषण होतं. स्लाइड त्यांनी मला तपासायला दिल्या. माझी रेषा त्यात नव्हती. मी त्यांच्या खोलीत गेले.

"मॅडम, माझा आलेख?"

"जे पुन्हा होत नाही ते आपण दाखवत नाही."

"म्हणजे मी खोटं मोजलं का?"

"तसं मी म्हटलं का?"

"नाही, पण..."

"मग झालं तर."

झालं तर काय झालं? खोटं म्हटलं नाही हे खरं, पण खरं आहे असंही म्हटलं नाही. मला त्यांच्याकडून ते एक वाक्य हवं होतं. आठ-दहा प्रयोग फसले असते, प्रबंधातलं एक प्रकरण गळलं असतं, तर मी चार शिव्या हासडून पुढे गेले असते. हे तसं नव्हतं. मी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट पाहिलीच नव्हती असं मला कोणीतरी हळूहळू पटवून देत होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते पटायला लागलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त होणार होत्या. त्यांच्या हातून ही गोष्ट अशीच अर्धवट सुटली तर नंतर ती खरी की खोटी हे विचारायलाही कोणी उरणार नव्हतं. हिंजवडीत नोकरी करणारा माझा चुलतभाऊ दर रविवारी सांगायचा, "सोड ना यार, आमच्याकडे ओपनिंग आहे, डेटा साफ करायचा, बस." मी नाही म्हणायचे. मग नाही म्हणायला दर वेळी जरा उशीर व्हायला लागला.

आणि खंडेनवमी पुन्हा आली. त्या सकाळी माझा कोळसा लाल पाण्यात रात्रभर ढवळून तयार होता. सुट्टीच्या आत तो आटवून भट्टीत टाकावा म्हणून मी लवकर पोहोचले. भट्टीसमोर मॅडम हळदकुंकवाचं तबक घेऊन उभ्या.

"मॅडम, एकदाच घालते. नंतर पूजा करा, हवं तर दोनदा करा."

"आज नाही."

"मॅडम, प्लीज. माझ्याकडे वेळ नाहीये."

"भट्टीकडे आहे. तिला आज सुट्टी."

माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या या पूजेपायी माझं आयुष्य चाललंय!" मॅडमनी तबक खाली ठेवलं, भट्टीला कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाल्या, "तुझं आयुष्य दसऱ्यानंतर सुरू करू. घरी जा." मी पिशवी उचलली आणि निघाले. मागे कोणीतरी "पेढा तरी घे" म्हणालं, तेव्हा तर मी दारच आपटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात झेंडूचे ढीग लागतात. मी त्याच दुपारी आण्णांबरोबर माल घेऊन गेले, कारण घरी बसून आईच्या प्रश्नांना तोंड देण्यापेक्षा ते बरं. ट्रकांची रांग लागलेली, एकेकाचं इंजिन घरघरत उभं, धुराने डोळे चुरचुरत होते. आण्णा खोकत खोकत फुलं तोलत होते. गिऱ्हाईक जरा कमी झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुजी ती पाण्यावरची गाडी कवा यायची?"

"पाण्यावरची नाही हो आण्णा. हायड्रोजनवरची. पाणी मागून निघतं."

"मंग चांगलंच हाय की. धुरळा बसंल."

मला हसू आलं आणि हसता हसता एकदम रडू फुटलं. झेंडूच्या ढिगावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. तार, रेषा, स्लाइड, चहाला बदलणारा विषय. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

"तू केलंस का त्ये?" त्यांनी विचारलं.

"केलं."

"डोळ्यानं पाहिलंस?"

"पाहिलं."

"मंग?"

आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. मला त्यांचा हेवा वाटला.

दसऱ्याला लागून शनिवार-रविवार आले होते, त्यामुळे मी परतले तेव्हा प्रयोगशाळा बरेच दिवस बंद राहिलेली. आत झेंडूचा कोमट वास. माळ भट्टीवर सुकून गेली होती. सगळी यंत्रं शांत, पण कोपऱ्यातून टकटक आवाज येत होता. माझा स्टरर. पोळपाटाएवढं ते यंत्र, वर काचेचं भांडं, आत लोहचुंबकाची कांडी गरगर फिरतेय. रागाच्या भरात मी ते तसंच चालू टाकून गेले होते आणि बाकी कोणाच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. आमच्याकडे भट्टी म्हणजे यंत्र, पंप म्हणजे यंत्र. स्टररला यंत्रांत कोणी धरतच नाही. त्याला कुंकू लागत नाही, त्यामुळे त्याला सुट्टीही मिळत नाही.

मी बटण बंद केलं. काळी पूड हळूहळू तळाशी बसली आणि वरचं पाणी दिसायला लागलं. ते स्वच्छ होतं. नळाच्या पाण्यासारखं नितळ. लाल रंगाचा मागमूस नाही.

मी खुर्ची ओढून बसले. एरवी सकाळी हे पाणी गुलाबी असायचं. मी ते पाहायचे आणि तसंच आटवायचे, कारण कृतीत 'रात्रभर' होतं आणि रात्र तर होऊन गेलेली असायची. गुलाबी याचा अर्थ काय? अर्थ हाच की बरंचसं लोखंड अजून पाण्यात आहे, त्याला पाट मिळालेला नाही. पाणी आटलं की ते बिचारं कोळशाच्या बाहेरच वाळून बसतं आणि भट्टीत जाताच त्याची गुठळी होते. बाकीच्यांचा कोळसा कारखान्यातला, मोठ्या छिद्रांचा, त्यांना एक रात्र पुरते. माझा करवंटीचा. त्याची छिद्रं इतकी अरुंद की आत शिरायला लोखंडाला दिवसच्या दिवस लागतात. आणि गेल्या वर्षी? गेल्या वर्षीही मी भांडं असंच टाकून लोणीला पुरणपोळी खायला गेले होते! ते दिवस मी कधी धरलेच नव्हते. प्रयोगाच्या कृतीत कोणी सुट्टी धरतं का? सुट्टीत काही होत नसतं असंच आपण समजून चालतो.

भुकटी तयार केली. भट्टीवरची सुकलेली माळ एका हिसक्यात ओढून काढली आणि भुकटी आत घातली. मोजणीला ग्राफाइटची कांडी लावली, प्लॅटिनमची तार कपाटात आहे ना हे दोनदा उघडून पाहिलं. रेषा उमटायला लागली, उजवीकडे सरकली, आणि भिंतीवरच्या रेषेशेजारी जाऊन थांबली. तीच जागा.

मॅडमच्या खोलीत मी न विचारता शिरले. त्यांनी कागद घेतला.

"समोर काय होतं?"

"ग्राफाइट."

"तार?"

"कपाटात. कुलपात."

मग मी पाण्याचं सांगितलं. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला, "स्टरर कोणी बंद केला नाही?"

"त्याला कोणी यंत्र मानतच नाही, मॅडम."

त्या हसल्या. मोठ्याने, मान मागे टाकून. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. मग कागद परत देऊन म्हणाल्या, "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. या वेळी वाट पाहिली. वाट पाहणं हे माझ्यासाठी काय होतं ते आईला विचारा. पण पाणी नितळ झाल्याशिवाय मी भांड्याला हात लावला नाही. रेषा आली. कागद घेऊन गेले तर मॅडमनी तो नीट पाहिला, टेबलावर ठेवला, आणि म्हणाल्या, "तुझ्या हातून होतं हे कळलं. आता मी करते."

"तुम्ही?"

"का? मला येत नाही?"

कित्येक वर्षांत त्यांनी भांड्याला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या पिवळा पडलेला एक जुना ॲप्रन घालून, त्याचं एक बटण तुटलेलं. मला स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "तू बोलायचं नाही. चुकत असले तरी नाही. माझ्या हातून झालं तर ते कोणाच्याही हातून होईल."

मी तोंडावर हात ठेवून बसले. त्या चष्मा वर-खाली करत इतक्या हळू वजन करत होत्या की मला स्टुलावर बसवेना. क्षार किंचित सांडला, मी दातओठ खाल्ले. त्यांनी तो पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भांडं स्टररवर चढलं. त्यानंतर त्या रोज जेवण झाल्यावर यायच्या, स्टरर बंद करायच्या, वाकून पाहायच्या, म्हणायच्या, "अजून गुलाबी आहे," आणि पुन्हा चालू करून जायच्या. मला त्या दिवसांत घास गोड लागला नाही. माझ्या दोन रेषा माझ्यापुरत्या होत्या. ही तिसरी आली नसती तर त्या दोन्हींवर मलाच संशय आला असता, आणि मॅडमना तर आलाच असता. मैत्रीण म्हणायची, "काहून इतका जीव जाळतेस, होईन ते," आणि माझ्या डब्यातली भाजी संपवायची.

एका दुपारी त्या वाकल्या आणि काही बोलल्याच नाहीत. मला उठून बघायची परवानगी नव्हती. मग त्यांनी भांडं खिडकीच्या उजेडात धरलं. पाणी नितळ होतं.

भट्टी झाली. मोजणीला त्या स्वतः बसल्या. मी मागे उभी, मैत्रीण माझ्या मागे. रेषा निघाली. मधेच ती जरा रेंगाळल्यासारखी वाटली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मैत्रिणीने माझा दंड इतका जोरात दाबला की मी उघडले. मॅडमनी माझ्या दोन्ही रेषा पडद्यावर आणल्या आणि आपली त्यांच्यावर ठेवली. तिन्ही एकीवर एक. कुठली कोणाची ते सांगता येऊ नये अशा.

मॅडम पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "माझी जराशी उजवीकडे आहे."

"अहो मॅडम, तेवढा फरक मोजण्यातलाच असतो."

"माहीत आहे. तरी म्हणून घेते."

त्यांनी हातमोजे काढले, ते कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि ॲप्रनची बटणं सोडायला लागल्या. तुटलेल्या बटणापाशी बोटं अडखळली. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "म्हणजे गेल्या वर्षीचंही खरंच असणार. मी तेव्हाच तुला म्हणायला हवं होतं, की तू पाहिलंस यावर माझा विश्वास आहे. पुन्हा होत नाही ही वेगळी गोष्ट. मी दोन्ही एकच केल्या."

मी तिथेच, त्यांच्यासमोर, लहान मुलीसारखी रडले, आणि त्या शनिवार पेठेतल्या बाई, ज्यांनी मला कधी पाठीवर थापही दिली नव्हती, माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.